शार्क्सच्या पोरांवरून एवढं हुरळून जायचं कारण खरंच आहे का?

चौथी_लाईन:

मंडळी, एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेची आइस हॉकी लीग) २०२५-२६ सीझनचा कॅम्प सुरू व्हायला थोडेच दिवस राहिलेत आणि जिकडे बघावं तिकडे आपल्या सॅन होजे शार्क्सच्या पोरांचं कौतुक चाललंय. सेलेब्रिनी, स्मिथ, मिसा, डिकिन्सन, अस्कारोव... जो तो २०२८ चा लाइनअप मांडून बसलाय आणि त्यात स्टॅन्ली कप (लीगचं विजेतेपद) कोण उचलणार हेही ठरवून मोकळा झालाय. मला पण आतून उकळ्या फुटतायत, खोटं कशाला बोलू. पण पॉइंट टेबल उघडलं की सगळा उत्साह खाली बसतो. २०२३-२४ मध्ये १९ विजय, ४७ पॉइंट, लीगमध्ये शेवटचे. २०२४-२५ मध्ये २० विजय, ५२ पॉइंट, परत शेवटचेच. म्हणजे ड्राफ्टमधला (दरवर्षी टीम नवी पोरं निवडतात, तळाच्या टीमना आधी संधी) पहिल्या नंबरचा पिक सेलेब्रिनी आला, जवळपास वर्षभर खेळला, आणि आपला एक विजय वाढला. एक!! २०१९ ला सेंट लुईसने वेस्टर्न फायनलमध्ये घरी पाठवलं त्यानंतर आपण प्लेऑफचं तोंड पाहिलेलं नाही.

तर माझे प्रश्न दोन. ही गाडी खरंच वर चाललीय की आपण फक्त ड्राफ्टचे नंबर बघून खूश होतोय? आणि या सीझनमध्ये नेमकं काय बघायचं, म्हणजे विजय सोडून, कारण ते फार नसणार हे मला पण माहितीये.

टीलवेडा:

अरे एक विजय वाढला हे खरं पण २०२३-२४ च्या टीममध्ये आणि नंतरच्या टीममध्ये जमीन अस्मानाचा फरक आहे आणि तो टेबलमध्ये दिसत नाही. आठव जरा, नोव्हेंबर २०२३, व्हँकुव्हरने आपल्याला १०-१ मारलं आणि लगेच पुढच्या मॅचला पिट्सबर्गने १०-२. पहिल्या ११ मॅचमध्ये एक पण विजय नाही. तेव्हा बघायला काही नव्हतंच, एरिक कार्लसन गेलेला, मायर त्याच्या आधीच गेलेला, आणि मार्चमध्ये हर्टल पण गेला. आता निदान टीव्ही लावावासा वाटतो.

सेलेब्रिनी ७० मॅचमध्ये २५ गोल ३८ असिस्ट, ६३ पॉइंट, आणि हे सगळं १८ व्या वर्षी, पहिल्याच मॅचमध्ये गोल आणि असिस्ट करून लगेच कंबरेची दुखापत, १२ मॅच बाहेर, आणि परत आल्यावर काही झालंच नाही असा खेळला. आणि गोल सोडा, तो बॅकचेक (पक म्हणजे खेळायची चकती गेल्यावर मागे धावून अडवणं) कसा करतो ते बघ. पॉवरप्लेवर (समोरचा एक जण पेनल्टीमुळे बाहेर असताना) पक गेला की बाकीचे पहिल्या नंबरचे स्टार आकाशाकडे बघतात, हा गडी तिथल्या तिथे वळतो, तीन ढांगांत वेग पकडतो आणि समोरच्याची स्टिक उचलून पक काढून घेतो, तेही आपल्या ब्लू लाइनच्या आत यायच्या आधी. हे शिकवून येत नाही फार. कॅल्डरच्या (सर्वोत्तम नवोदित खेळाडूचं बक्षीस) मतदानात हटसन आणि वुल्फच्या मागे तिसरा आला, आणि तोही लीगमधल्या सगळ्यात वाईट टीममध्ये खेळून, समोरची टीम रोज फक्त त्यालाच अडवायला बसलेली असताना.

स्मिथचं तर मला जास्त कौतुक वाटतं कारण त्याची सुरुवात बेकार होती. पहिला गोल यायला ऑक्टोबर संपत आला, मध्ये मध्ये त्याला मुद्दाम बसवत होते, लोकं म्हणायला लागली की बोस्टन कॉलेजमध्ये अजून एक वर्ष राहायला हवं होतं. आणि जानेवारीनंतर तोच पोरगा दुसराच कोणीतरी वाटायला लागला, सीझन संपताना ४५ पॉइंट. पोरगं अडखळून परत उभं राहतं हे मला सरळ वर चढत गेलेल्या पोरापेक्षा जास्त आवडतं.

आणि यात आता मिसा येतोय. ज्युनियर लीगमध्ये सॅगिनॉसाठी ६५ मॅचमध्ये १३४ पॉइंट, त्यात ६२ गोल. बोला आता.

बेंचवरचा_काका:

टीलवेडा, तुमचा उत्साह दर सप्टेंबरला असाच असतो, राहू दे, चांगलं आहे. पण जरा बफेलोकडे बघा. २०१५ ला आयकलसाठी त्यांनी टीम मोडून ठेवली, तो दुसऱ्या नंबरला मिळाला. २०१८ ला डालीन पहिल्या नंबरला. २०२१ ला पॉवर, तोही पहिल्या नंबरला. आणि निकाल काय? सलग १४ सीझन प्लेऑफ नाही, लीगच्या इतिहासात कोणाचं झालं नाही एवढं. आयकल शेवटी वैतागून वेगासला गेला आणि २०२३ ला तिकडे कप उचलला. एडमंटनला २०१०, २०११, २०१२ असे सलग तीन वर्षं पहिला पिक होता, हॉल, न्यूजंट-हॉपकिन्स, याकुपॉव्ह. पुढे मॅकडेव्हिड मिळाला, मॅकडेव्हिड! आणि कप अजूनही नाही.

प्रॉस्पेक्टच्या यादीत पहिला नंबर मिळाला म्हणून कोणी बॅनर टांगत नाही. ही पोरं चांगली आहेत, मी कुठे नाही म्हणतोय. पण पोरं चांगली असणं आणि टीम चांगली होणं यात जे काय असतं ना, गोली, डिफेन्स, तिसऱ्या चौथ्या लाइनचे कष्टाळू लोक, कोच, नशीब, त्यावर इथे कोणी एक ओळ लिहीत नाही. सगळे आपले पहिल्या पॉवरप्ले युनिटमध्ये कोण असेल त्यावर भांडतायत. बाजारात तुरी न् भट भटणीला मारी.

टीलवेडा:

काका बफेलोचं उदाहरण देणार हे मला माहितीच होतं 😄 मग कोलोरॅडोचं का नाही देत? २०१६-१७ मध्ये ४८ पॉइंट, लीगमध्ये शेवटचे, वर लॉटरीत (पहिला पिक कोणाला ते सोडतीने ठरतं) नशीब एवढं फुटकं की पहिला तर सोडाच चौथा पिक मिळाला. आणि त्या चौथ्या पिकवर कोण आला? मकार. पुढच्याच वर्षी प्लेऑफ, २०२२ ला कप. आपण पण २०२५ ला शेवटचे असून लॉटरी हरलो, आयलँडर्स दहाव्या नंबरवरून उडी मारून शेफरला घेऊन गेले आणि लोक रडले. मी तेव्हाच म्हटलं होतं रडू नका.

बेंचवरचा_काका:

त्याच कोलोरॅडोचा मॅकिनन २०१३ चा पिक आहे. कप २०२२. नऊ वर्षं झाली. मोजा.

निळी_रेघ:

दोघांचं पटतंय पण मला वाटतं प्रश्न फॉरवर्डचा नाहीच. पुढे सेलेब्रिनी, स्मिथ, एकलंड, मिसा, मागून मस्टी, चेर्निशोव्ह, ही रांग बघून जळणाऱ्या टीम भरपूर आहेत. एकलंडबद्दल तर कोणी बोलत पण नाही, गेल्या सीझनला ५८ पॉइंट केलेत त्याने, आणि कोपऱ्यात स्वतःपेक्षा डोक्याने उंच माणसाकडून पक काढून आणतो. खरा प्रश्न मागे आहे. व्लासिकला बायआउट केलं (पैसे देऊन करार मोडला), वॉल्मनला विकलं, आणि त्या जागी ऑर्लोव्ह दोन वर्षांसाठी, क्लिंगबर्ग एका वर्षासाठी, लेडी वेव्हरवरून (दुसऱ्या टीमने सोडलेला). सगळे तिशीच्या पुढचे. म्हणजे मॅनेजमेंटला पण माहितीये की घरचं पीक अजून तयार नाही, तोवर बाहेरून आणून भागवायचंय.

म्हणून माझ्या मते या सीझनचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस सेलेब्रिनी नाही आणि मिसा पण नाही, डिकिन्सन आहे. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये ११ वा, लंडन नाइट्सकडून गेल्या सीझनला डिफेन्समन असून ९१ पॉइंट, आणि मेमोरियल कप पण जिंकून आलाय. आता गंमत अशी आहे की हा पोरगा १९ वर्षांचा, कॅनडाच्या ज्युनियरमधून ड्राफ्ट झालेला, त्यामुळे लीगच्या करारानुसार त्याला अजून एएचएलमध्ये (एनएचएलच्या खालची लीग) पाठवता येत नाही. एक तर शार्क्समध्ये ठेवा नाहीतर परत लंडनला पाठवा, मधला रस्ता नाही. आणि खरं तर त्याला मधलाच रस्ता हवाय. ज्युनियरमध्ये शिकण्यासारखं काही उरलं नाही आणि एनएचएलमध्ये दर शिफ्टला मोठी माणसं अंगावर येणार. नवीन सीबीए (लीग आणि खेळाडूंमधला करार) २०२६-२७ पासून लागू होईल तेव्हा प्रत्येक टीमला एक १९ वर्षांचा पोरगा एएचएलला पाठवायची मुभा मिळणार आहे, म्हणजे डिकिन्सनचं एका वर्षाने हुकलं.

ज्याला बघायचंय त्याने हे बघा. पक त्याच्या मागे कोपऱ्यात टाकला, फोरचेकर (पक हिसकायला आलेला समोरचा खेळाडू) अंगावर येतोय, अशा वेळी तो पकपाशी पोचायच्या आधी खांद्यावरून मागे बघतो का. किती वेळा बघतो. ज्युनियरमध्ये तो एवढा वेगवान आणि दणकट होता की न बघता पण निभावून जायचं, स्केटिंगवर सुटका व्हायची. इथे न बघता गेला तर काचेवर चिकटेल आणि पक आपल्या नेटसमोर. नोव्हेंबरपर्यंत ती सवय बसलेली दिसली तर समजा टॉप फोर डिफेन्समन मिळाला. पॉइंट बघू नका त्याचे, पॉइंट येतील.

चौथी_लाईन:

निळी_रेघ, जबरदस्त, असंच काहीतरी हवं होतं मला. पण मग डिकिन्सनला नऊ मॅच खेळवून परत पाठवतील असं म्हणतात त्याचं काय? आणि मिसाला पण तेच लागू का? हे नऊ मॅचचं प्रकरण मला कधी नीट कळलेलं नाही.

कॅप_हिशेब:

मी सांगतो, माझा आवडता विषय. १८ किंवा १९ वर्षांचा पोरगा एंट्री लेव्हल कॉन्ट्रॅक्टवर (नव्या पोरांचा पहिला स्वस्त करार) असेल आणि एनएचएलमध्ये १० मॅच खेळला नाही तर ते वर्ष मोजलंच जात नाही, करार एक वर्ष पुढे सरकतो. म्हणून नऊ मॅच फुकटात बघता येतात आणि दहावी मॅच खेळला की तीन वर्षांच्या स्वस्त करारातलं पहिलं वर्ष सुरू. याच्या पुढे अजून एक खूण आहे जी लोकं विसरतात, ४० मॅच. तेवढ्या मॅच रोस्टरवर राहिला की फ्री एजन्सीकडे (हव्या त्या टीमकडे जायची मुभा) जाणारं एक वर्ष पण जमा होतं. हुशार जीएम (जनरल मॅनेजर) हे दोन्ही आकडे भिंतीवर लिहून ठेवत असणार. मिसाला आणि डिकिन्सनला दोघांनाही हेच लागू, दोघंही कॅनडाच्या ज्युनियरचे.

आता यातून माझा मुद्दा, आणि म्हणूनच मला काकांचं "नऊ वर्षं" पटत नाही. आपल्याकडे नऊ वर्षं नाहीतच. सेलेब्रिनी आणि स्मिथ दोघांचे एंट्री लेव्हल करार २०२६-२७ नंतर एकदमच संपतात. आज हे दोघं मिळून कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) जेवढे बसतात तेवढ्यात एक बरा थर्ड पेअर डिफेन्समन येत नाही. २०२७ च्या उन्हाळ्यात दोघांना एकदम पैसे मोजावे लागणार, आणि सेलेब्रिनी कमी घेईल असं समजायचं काही कारण नाही. बरं एक आहे की कॅप पण धडाधड वर चाललाय, या सीझनला ९५.५ मिलियन डॉलर, पुढच्या १०४, आणि २०२७-२८ ला ११३.५. म्हणजे बोजा वाटतोय तेवढा जड नाही. पण स्वस्तात मिळालेल्या स्टारच्या आजूबाजूला चांगली टीम उभी करायची जी संधी असते ती याच दोन सीझनची आहे, आणि त्यातला हा सीझन जर परत ५५ पॉइंटवर गेला तर अर्धी संधी संपली.

आपल्या जीएमचं, ग्रिअरचं मात्र मानलं पाहिजे. २०२२ ला आला तेव्हा वयस्कर टीम, लांबलचक करार, ड्राफ्टमध्ये फारसं काही नाही. डेट्रॉइटला वॉल्मन नकोसा झाला होता, त्यांनी वॉल्मन दिला आणि घेऊन जा म्हणून वर एक सेकंड राउंड पिक पण दिला. वॉल्मन इथे येऊन ५० मॅचमध्ये ३२ पॉइंट करतो आणि ग्रिअर त्यालाच एडमंटनला देऊन फर्स्ट राउंड पिक घेतो. याला धंदा म्हणतात. हर्टल वेगासला देऊन एडस्ट्रॉम आणि फर्स्ट राउंड पिक आणला, आणि तोच सगळा माल नॅशव्हिलला देऊन अस्कारोव आणला. आता तर मॉन्ट्रियलकडून केरी प्राइसचा करार पण उचललाय, माणूस २०२२ पासून खेळलेला नाही, बोनस मॉन्ट्रियलने भरून झाल्यावर, वर एक पिक घेऊन. कॅप फ्लोअर (पगाराची किमान मर्यादा) गाठायचाच आहे तर असा गाठा.

फेसऑफ_हरलेला:

स्किनरला एका वर्षासाठी घेतलंय ते बरं केलं. हजाराच्या वर मॅच खेळल्यावर त्याला पहिली प्लेऑफ मॅच मिळाली. पोरांना वाट कशी बघायची ते शिकवायला यापेक्षा चांगला माणूस नाही 😂

बाराकुडाची_ताई:

मला इथे सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतंय की एवढ्या चर्चेत अस्कारोववर कोणी दोन ओळी नीट लिहिल्या नाहीत. काका तुम्ही गोलीचं नाव काढलंत आणि पुढे गेलात.

मी गेल्या सीझनला बाराकुडाच्या (शार्क्सची एएचएल टीम) मॅचना बऱ्यापैकी जात होते, तिकडे बसलं की गोलीच्या अगदी जवळून बघायला मिळतं, आणि अस्कारोवचं एक सांगते, तो शांत नाहीये. चांगल्या अर्थाने पण आणि वाईट अर्थाने पण. पक नेटमागे आला की बाकीचे गोली थांबवून डिफेन्समनसाठी ठेवतात, हा स्वतः घेऊन पुढे पास द्यायला बघतो, आणि पास खरंच चांगला असतो, दोन फोरचेकरच्या मधून थेट विंगरच्या स्टिकवर. मग पुढच्या वेळी तेच करायला जातो आणि पक समोरच्याच्या स्टिकवर. बाजूला सरकतो इतक्या जोरात की पहिला शॉट अडवतो आणि रीबाउंडच्या वेळी नेटच्या बाहेर असतो. चपळाई बघून तोंडात बोट घालावं अशी आहे. पण चांगल्या डिफेन्सच्या मागे असा गोली वेगळा दिसतो आणि रोज ३५ शॉट खाणाऱ्या टीमच्या मागे वेगळा. निळी_रेघचा मुद्दा इथे येऊन मिळतो बघा. मागची लाइन सुधारली नाही तर अस्कारोव चांगला की वाईट हे पण आपल्याला कळणार नाही, नुसतं सेव्ह पर्सेंटेज बघून लोकं त्याला शिव्या घालतील. नॅशव्हिलने सारोसला आठ वर्षांचा करार दिला म्हणून हा तिथून बाहेर पडला, त्याला एक नंबरची जागा हवी होती, आता मिळतेय तर नेडेल्कोविचसोबत मॅच वाटून देऊन त्याला हळूहळू आणावं असं मला वाटतं. मागे रेव्हन्सबर्गेन पण आहेच, यंदाचा ३० व्या नंबरचा पिक, पण गोलीला पाच पाच वर्षं लागतात, त्याचं नाव आत्ताच नको घेऊया.

आणि सगळे पहिल्या राउंडच्याच पोरांबद्दल बोलताय म्हणून, कॅन्योनीकडे लक्ष ठेवा. २०२३ च्या चौथ्या राउंडचा, अंगाने लहानसा डिफेन्समन, पण पॉवरप्लेवर ब्लू लाइनवर उभा राहून डावीकडे बघत उजवीकडे पास देतो. ग्राफला तर कोणी ड्राफ्टच केलं नव्हतं, कॉलेजमधून आला, आणि पेनल्टी किलवर (आपला एक जण कमी असताना) कोच त्याला बिनधास्त पाठवतो. टीम अशा लोकांनी भरते. वर्सोफस्कीला ही पोरं ओळखीची आहेत, तो हेड कोच व्हायच्या आधी इथेच शार्क्सचा असिस्टंट कोच होता.

बेंचवरचा_काका:

ताई, हे मात्र पटलं. ग्राफसारखी अजून तीन पोरं निघाली तर मी पण तुमच्या टोळीत. मॉन्ट्रियलचं बघा, २०२२ ला शेवटचे होते आणि २०२५ ला प्लेऑफ खेळले, आणि त्यांना वर कोणी काढलं, पहिल्या नंबरच्या पिकने एकट्याने नाही, हटसन ६२ वा पिक होता. तेवढं एक बफेलोला जमलं नाही, वरचे पिक सगळे बरे निघाले पण खालून काही आलंच नाही आणि दर दोन वर्षांनी कोच बदलत राहिले.

आणि तरुण मंडळी, एक लक्षात ठेवा, ही फ्रँचायझी याच्या आधी पण तळाला जाऊन आलीय. १९९२-९३ मध्ये आपण ७१ मॅच हरलो होतो, ८४ पैकी. पुढच्याच सीझनला प्लेऑफमध्ये डेट्रॉइटला बाहेर काढलं. तेव्हा कोणी प्रॉस्पेक्टची यादी करत नव्हतं, ओझोलिंश चमकला, लारिओनॉव्ह मकारॉव्ह सारखी जुनी माणसं आली आणि इर्बे नेटमध्ये उभा राहिला. तरुण आणि म्हातारे मिळूनच झालं ते. म्हणून टॉफोली, ऑर्लोव्ह असल्यांना "पोरांची जागा अडवतात" म्हणून नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो.

टीलवेडा:

काका मार्गावर आले, स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कोणीतरी.

बाकी म्हाताऱ्यांचं म्हणाल तर गेल्या सीझनला सेलेब्रिनी आपल्या जुन्या स्टार थॉर्न्टनच्या घरी राहत होता आणि स्मिथ मार्लोच्या घरी, हे मला अजून पण भारी वाटतं. मार्लो पण १९९७ चा दुसऱ्या नंबरचा पिक, मिसा पण दुसऱ्या नंबरचा.

कॅप_हिशेब:

टीलवेडा, २ नंबरवरून योगायोग काढायचा असेल तर आपला पहिलावहिला पिक फॅलून पण दुसऱ्या नंबरचाच होता, तो का नाही आठवला 😏

चौथी_लाईन:

😂😂 ठीक आहे. तर मी हे धरून चालतोय, पॉइंट ६५ ते ७० च्या आसपास गेले तर वर चाललोय असं समजायचं, डिकिन्सन खांद्यावरून बघतो का ते बघायचं, अस्कारोवला ख्रिसमसपर्यंत शिव्या घालायच्या नाहीत, आणि पॅसिफिकमध्ये वेगास, एडमंटन, एलए असताना प्लेऑफचं नाव काढायचं नाही. बरोबर?

निळी_रेघ:

बरोबर. फक्त अनाहाइमला विसरू नकोस. त्यांची पोरं आपल्या एक-दोन वर्षं पुढे आहेत, लिओ कार्लसन, गोटिए, मागे लाकोम्ब, आणि आपण वर जाऊ तेव्हा वाटेत तेच उभे असणार. त्यांच्याशी मॅच असेल त्या दिवशी बघ, तिसऱ्या पीरियडमध्ये एका गोलने पुढे असताना कोच कोणाला बर्फावर पाठवतो. मिसाला पाठवला तर बातमी. डिकिन्सनला पाठवला तर त्याच्याहून मोठी बातमी.

बाराकुडाची_ताई:

आणि एका गोलने पुढे असलोच तर 🙂